नीरा कोळणीचं नाक

मुरूडच्या बाजारात मासळी घेणारी माणसं दोन प्रकारची होती. एक, जी कल्ले उघडून बघायची, डोळे बघायची, पोट दाबून बघायची आणि तरी घरी जाऊन फसायची. दुसरी, जी नीराबाईकडून घ्यायची. मी दुसऱ्या प्रकारातली. आयुष्यात शहाणपणाच्या ज्या दोनचार गोष्टी मी केल्या, त्यांत ही धरायला हरकत नाही.

नीरा राहायला खाडीपलीकडे, एकदऱ्याला. नवरा तुळशीराम होडीवर जायचा. होड्या किनाऱ्याला लागल्या की बाकीच्या बायका मासळीवर तुटून पडायच्या आणि ही मात्र एकेक मासा उचलून कल्ल्यापाशी नाक न्यायची. क्षणभर थांबायची. मग मासा पाटीत तरी जायचा, नाहीतर बाजूला. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, वास आला तर मलाही कळतो की!" तर हसून म्हणाली, "वास आल्यावर सगल्यांनाच कलतो, बाय. वास यायच्या आदीचा वास मना कलतो." असली बाई. बाजारात ती बसली की तिच्यासमोर कुणी कल्ले उघडत नसे. तसं करणं म्हणजे तिचा अपमान, असं गिऱ्हाइकांनीच ठरवून टाकलं होतं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्यावाचून पुढचं समजायचं नाही. मी मनुबाई. यजमान मुंबईला नोकरीत, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि समुद्राकाठची आमची नारळीची वाडी माझ्या हातात. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, आणि सगळे म्हणतात ते खरं आहे. सासऱ्यांना मासळीवाचून जेवण जात नसे, म्हणून बाजारात जायच्या आधी नीरा रोज आमच्या वाडीत यायची. अंगणात पाटी उतरवायची, विहिरीवर जाऊन हातपाय धुवायची, पाणी प्यायची, मग बाजार.

एकोणपन्नास सालच्या माघात माझं आणि बुधाजीचं वाजलं. बुधाजी म्हणजे आमचे नारळ उतरवणारा. येतो म्हणालेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आला, एवढाच त्याचा गुन्हा. मी त्याला वाडीच्या बेड्यात, म्हणजे फाटकातच, उभं करून नाही नाही ते बोलले आणि वर सांगितलं, "पुन्हा या वाडीत पाय टाकू नकोस." तोही मानी. टाकला नाही. त्याच्या शब्दाबाहेर दुसरा कोणी माडावर चढेना. नारळ वर सुकत राहिले. तिसऱ्या महिन्यात ते आपोआप गळायला लागले. एक विहिरीपाशी पडला, तिथंच आमचं वासरू बांधलेलं असायचं. मी लगेच वासराला तिथून हलवून गोठ्यामागं बांधलं. रंगूला, म्हणजे आमच्या कामवालीला, बजावलं की विहिरीच्या त्या अंगाला जाऊ नकोस.

नीराला सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी विहिरीवर गेली आणि नारळ तिच्या डोक्यात पडला. नीट मध्यावर पडता तर बाई जागीच संपती. कपाळाच्या वर, केसांत, घासून गेला. मी धावत गेले तेव्हा ती पडलेली होती, डोळे अर्धे मिटलेले. पाणी मारल्यावर शुद्धीवर आली. इकडे तिकडे बघितलं, शेजारी पडलेला नारळ बघितला, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. दुखण्यानं नव्हे. ते मला तेव्हाच कळलं होतं.

आमच्या किनाऱ्यावर लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे. नारळाला डोळे असतात. सोलल्यावर दिसतात तेच. नारळ खाली बघून पडतो, निर्दोष माणसाच्या डोक्यात कधी पडत नाही. पडलाच तर त्या माणसाच्या खाती काहीतरी पाप असलं पाहिजे. जिथं रस्त्यावर, अंगणात, देवळापुढं, सगळीकडे डोक्यावर माडच आहेत, तिथं माणसांना असा काहीतरी धीर लागतोच, नाहीतर घराबाहेर कोण पडेल? पण ज्याच्यावर पडला, त्याचं काय, ते कोणी बोलत नाही.

नीरानं माझा हात धरला. "बाय, कुनाला सांगू नका. लोक काय म्हनतील?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की नीरा, यात तुझं काही नाही, मी बुधाजीला हाकललं, नारळ गळताहेत हे मला ठाऊक होतं, वासराला मी हलवलं आणि तुला विसरले. यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. मी घाबरले होते. मी म्हणाले, "नारळाला डोळे असतात, नीरा. पण मी कोणाला सांगायची नाही." एरवी माझ्या जिभेला हाड नाही, त्या दिवशी बरोबर तेवढंच वाक्य निघालं, जेवढ्यानं माझी सुटका होत होती.

अळीमिळी गुपचिळी. तिनं घरी ताप आला म्हणून सांगितलं. आठ दिवस पडून होती. नाकातून सारखं पाणी गळत होतं, तेव्हा घरच्यांनाही सर्दीतापच वाटला. नवव्या दिवशी चुंबळ डोक्यावर ठेवून, तिच्यावर पाटी ठेवून, ती पुन्हा आली. मी त्याआधीच बुधाजीच्या दारात जाऊन त्याला परत बोलावून आणलं होतं.

काही महिन्यांनी विहिरीवर तिनं मला आपणहून सांगितलं, की तिचं पाप तिला सापडलं. नारळ पडायच्या आदल्या आठवड्यात तिनं एक शिळं पापलेट विकलं होतं. कल्ल्यांना ताजं रक्त चोळून. बाजारात हे सगळ्याच करतात, पण घेणारी बाई पोटुशी होती, आणि ते नीराच्या मनाला लागून राहिलं होतं. "त्याचंच मना भोगावं लागलं," ती म्हणाली. "आता शपत घेतली. शिली मासली इकनार न्हाय."

मी ऐकलं आणि पाणी शेंदत राहिले. मनात म्हटलं, चांगलंच झालं की, बाई प्रामाणिक झाली! माणूस स्वतःची समजूत काढायला किती हुशार असतं ते बघा. तिच्या ज्या नाकाचं अख्खं मुरूड कौतुक करायचं, ते नाक कल्ल्यापाशी थांबायला लागलं ते तेव्हापासून. बारा वर्षं ती तसं वागली. देवळात मात्र आत जात नसे. पायरीवरून हात जोडून परतायची. लोकांना तो तिचा विनय वाटायचा.

साठ सालच्या दिवाळीनंतर तिच्यात फरक पडायला लागला. सकाळी डोकं दुखतं म्हणायची. भाव करता करता मध्येच थांबायची, आणि समोरचं माणूस वाट बघत उभं राहायचं. हसणं कमी झालं. सून नलू तिच्याबरोबर बसायला लागली, तिनं दोनदा हलवल्यावर ही भानावर यायची. वय झालं, असं आम्ही म्हटलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला काहीही झालं तरी आपल्याकडे वयच होतं.

पौषात तिनं आमच्याकडे सुरमई दिली. मी तशीच चिरायला घेतली आणि घाण वास आला. कालची नव्हे, परवाची असावी. मी काय केलं असेन ते ओळखा. ती सुरमई फडक्यात बांधून तडक बाजारात गेले आणि भरल्या बाजारात तिच्या फळीवर आपटली. "हीच का तुझी शपथ? नाव झालं म्हणून आता वाटेल ते खपवतेस? खोटारडी!" सगळ्या कोळणी बघत होत्या, गिऱ्हाइकं बघत होती. नीरानं सुरमई उचलली, नाकाशी नेली, आणि परत फळीवर ठेवली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून.

माझ्या बोलण्याला गावात वजन होतं, दुर्दैवानं. आणखी दोघीतिघींनीही शिळी मासळी मिळाल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांत लोक नीरासमोर कल्ले उघडून बघायला लागले. मग बघायचेही थांबले. तिची पाटी दुपारी तशीच परत जायला लागली. आमच्या वाडीत मात्र ती तरीही पाणी प्यायला यायची, मासळी विकायला नव्हे. मी तिच्याशी बोलत नव्हते.

अशाच एका दुपारी मी मागच्या अंगणात गेले. नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली घूस मरून दोन दिवस झाले होते. रंगू नाकाला पदर लावून ढीग उपसत होती, मला तर ओकारी यायच्या बेतात होती. आणि त्या ढिगापासून हातभर अंतरावर नीरा बसली होती, शांतपणे भाकरी खात.

मी तिच्याकडे बघतच राहिले. रागीट असले तरी मूर्ख नाही मी.

"नीरा, तुला वास येत नाही?"

ती खाली मान घालून म्हणाली, "नाक गेलं, बाय. दिवालीपासनं कायच कलत न्हाय."

"मग सांगायचं नाहीस?"

"कोलनीनं सांगावं नाक गेलं म्हनून? मंग खावं काय?" मग म्हणाली, "मना वाटलं, त्यो नारल. त्याचं अजून फिटलं न्हाय. देवानं आता नाकच घेतलं."

मी तिला तशीच उठवून दिनानाथ डॉक्टरांकडे नेलं. आमच्या गावचे जुने डॉक्टर, सावकाश काम करणारे. त्यांनी तिच्या नाकाशी कापूर धरला, कॉफी धरली. तिला काही कळेना. मग बॅटरीनं डोळ्यांच्या आत बराच वेळ बघितलं आणि गंभीर झाले. "डोक्यात आत दाब वाढलाय," ते म्हणाले. "मुंबईला न्यायला हवं. बाई, डोक्याला कधी मार लागला होता का? मागं कधीही?"

नीरानं माझ्याकडे बघितलं. "न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

तुळशीरामानं तिला मुंबईला नेलं. मोठ्या इस्पितळात डोक्याचे फोटो काढले. पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. डोक्यात पुढच्या अंगाला, नाकाच्या बरोबर वर, गाठ आहे. लिंबाएवढी. गाठ वाईट जातीची दिसत नाही, पण वाढली तर डोळे जातील, मग जीव. सोमवारी ऑपरेशन.

नाकाच्या बरोबर वर. नारळ लागला होता तिथून फार लांब नव्हे. मी कार्ड हातात घेऊन विहिरीच्या काठावर बसले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. राग येतो तेव्हा मी गाव डोक्यावर घेते; खरं बोलायची वेळ आली की कॅलेंडर बघते! रंगूला सासऱ्यांपाशी बसवलं, साळावपर्यंत एस्टी, तिथून होडीनं रेवदंडा, पुन्हा एस्टीनं रेवस, आणि लाँचनं भाऊचा धक्का. शनिवारी दुपारी मी इस्पितळात होते.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते, जाड चष्म्याचे, आवाज खालच्या पट्टीत. व्हरांड्यात तुळशीरामाशी बोलत उभे होते. मी म्हटलं, मला काही सांगायचंय, आणि तुळशीरामासमोरच सगळं सांगितलं. बुधाजी, गळलेले नारळ, वासरू, बेशुद्धी, नाकातून आठ दिवस गळलेलं पाणी.

"पाणी?" डॉक्टर लगेच म्हणाले. "पातळ, साधं पाणी? सर्दीसारखं घट्ट नाही?" मी तुळशीरामाकडे बघितलं, त्यानं हो म्हटलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. नाकाच्या वरचं हाड तेव्हा तडकलं असावं, तिथून आतलं पाणी झिरपलं असावं; आता उघडताना ती जागा नीट बघून बंद करावी लागेल. "सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले.

तुळशीरामानं विचारलं, "मंजी सायेब, गाठ नारलानंच झाली?"

डॉक्टर म्हणाले, "मार लागला त्याच जागी पुढं बऱ्याच वर्षांनी गाठ आली, असे रोगी आमच्या पुस्तकांत लिहिलेले आहेत. मी स्वतः दोन पाहिले. पण डोक्याला मार तर हजारो माणसांना लागतो, त्यांना काही होत नाही. आणि कधीच मार न लागलेल्यांनाही अशी गाठ होते. त्यामुळं मी हो म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही. ठाऊक नाही, हेच खरं उत्तर."

"कावळा बसायला आन् फांदी मोडायला," तुळशीराम पुटपुटला.

"तसंही असेल," डॉक्टर म्हणाले.

मला यातलं काहीच नको होतं. मला हो हवं होतं, म्हणजे कपाळ बडवून मोकळी झाले असते. किंवा नाही हवं होतं, म्हणजे नुसतीच मोकळी झाले असते. डॉक्टर गेल्यावर मी तुळशीरामाकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मना कशाला सांगता, बाय? तिला सांगा."

नीराचे केस काढले होते. केसांवाचून ती एकदम लहान दिसत होती. केसांत असलेला जुना वण आता उघडा पडला होता, बोटभर लांब. मी खाटेच्या कडेला बसून सांगितलं. वासराचंही सांगितलं.

"वासराला हलवलंत," ती म्हणाली.

"हो."

"आन् मना नाय सांगलं."

"नाही सांगितलं."

बराच वेळ ती छताकडे बघत होती. मला वाटलं पुन्हा तिचं ते मध्येच हरवणं सुरू झालं. मग म्हणाली, "मंजी ते पापलेट..."

"पापलेटचा काही संबंध नव्हता, नीरा. तुझं काही पाप नव्हतं."

तेव्हा ती रडली. आवाज न करता, उशी भिजेपर्यंत. मी तिचा हात धरायला गेले, तिनं काढून घेतला.

"गाठीचं मी तुमाला बोल लावनार न्हाय," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरलाच ठावं न्हाय, मना काय ठावं! पर बारा वर्सं देवाम्होरं मी मान वर केली न्हाय, बाय. पोरं आजारी पडली तरी मना वाटायचं माज्यापायी. एका शब्दाचं काम व्हतं." मग डोळे पुसून म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? मना खोटी म्हनलात ते बाजारात. वाचले तर बाजारात सांगा. न वाचले तरी सांगा."

ती वाचली. ऑपरेशन सात तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. डोकं दुखायचं थांबलं, बोलणं सुधारलं, हसू परत आलं. वास परत आला नाही. येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चार महिने ती घरात होती. त्या चार महिन्यांत मी एकदऱ्याला तीनदा गेले, ती माझ्याशी नीट बोलली, चहा दिला. बाजाराचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. मी वाट बघत होते की ती विसरेल. ऑपरेशननंतर थोडं विसरायला होईल, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, तेवढ्यावर माझी भिस्त! माझा स्वभाव इतक्या लवकर कुठला सुधारायला?

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि भाद्रपदातल्या एका सकाळी नलू सांगत आली की सासूबाई आज बाजारात बसल्यात. एवढंच सांगून गेली. मी साडी बदलली आणि निघाले.

नीरा तिच्या जुन्या जागी बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. समोर बांगडे होते, दोनतीन हलवे होते. गिऱ्हाईक एकही नव्हतं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर गर्दी होती आणि मध्ये तिच्यापुढं मोकळी जागा. मी त्या मोकळ्या जागेत उभी राहिले आणि बोलायला लागले. मला वाटलं होतं, आवाज निघणार नाही. पण तेवढं एक देवानं मला भरपूर दिलंय. आधी सांगितलं की नीरा खोटी नव्हती, तिचं नाक गेलं होतं, डोक्यातल्या गाठीपायी. मग नारळाचं सांगितलं. कुणीतरी कुजबुजलं, कुणाच्या डोक्यात पडला म्हणे? "हिच्या," मी म्हटलं, "आणि पाप माझं होतं." मग बुधाजीचं सांगितलं, वासराचं सांगितलं, नारळाला डोळे असतात म्हणून मी तिला काय ऐकवलं तेही सांगितलं. बुधाजीची बायको ठमाबाई समोरच उभी होती. ती मान हलवत राहिली. खरं म्हणून की माझी कीव म्हणून, कोण जाणे.

सांगून संपलं. नीरा सगळा वेळ बांगडे एका रांगेत लावत होती, लावून झालेले पुन्हा लावत होती. मग तिनं एक हलवा उचलला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"बगा, बाय," ती म्हणाली. "मना आता न्हाय कलत."

मी तिच्या फळीशेजारी, खाली, ओल्या जमिनीवर बसले. हलव्याचा कल्ला उघडला, नाक अगदी आत नेलं, आणि घाई केली नाही.

"ताजा आहे," मी म्हणाले, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.